हिरॉईनच्या मागची तिसरी बाई

आकाराम मामा तालमीत सगळ्यांसमोर रडले.

ही माहिती मी इथंच मागं घेतो. असं काही झालेलं नाही. त्या रविवारी संध्याकाळी पेठेतल्या पैलवानांच्या तालमीत हजर असलेल्या सगळ्यांनी एकमतानं ठरवलंय की मामा रडले नाहीत, त्यामुळं मीही ते बघितलेलं नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाची शिवाजी पेठेत काही एक इज्जत असते. तर, जे झालं नाही ते सोडून बाकीचं सांगतो.

आमच्या पेठेत गुंडूचा दूध कट्टा आहे. गुंडू म्हशी आणून रस्त्याकडेला उभ्या करतो, समोर धार काढतो आणि पेला हातात देतो. दुधावर फेस असेपर्यंत पिणाऱ्यानं नुकत्याच बघितलेल्या पिक्चरवर मत द्यायचं, फेस बसला की आपणही गप्प बसायचं, असा कट्ट्याचा नियम आहे. नियम कुणी केला माहीत नाही. म्हशींना मान्य आहे.

मागं एकदा मी नवा पिक्चर बघून आलो आणि मत दिलं, "इंटरव्हलपतोर बरा हाय. हिरो एकटा दोनशे माणसं लोळवतोय."

"माणसं कशी हुती?" आकाराम मामांनी विचारलं.

"कशी म्हंजे? लोळत हुती."

"तसं न्हवं रं खुळ्या. मागच्या माणसांकडं बघितलंस काय? खरा पिक्चर मागंच आसतोय."

मामांचं असं आहे की, कोल्हापुरात रोज कुठं ना कुठं शूटिंग चालायचं त्या काळात ते पिक्चरला गर्दी पुरवायचे. जत्रेला शंभर, मयताला चाळीस, पंचायतीला पंधरा असा त्यांचा हिशेब ठरलेला. पेठेतली माणसं ट्रकात भरायची, नेऊन उभी करायची, जेवू घालायची, परत आणायची. त्यामुळं आजही ते हिरो बघत नाहीत. हिरोच्या मागं पागोटं कुणी वाकडं बांधलंय ते बघतात.

"मामा, ती माणसं खरी न्हाईत," मी म्हणालो. "आता गर्दी कम्प्युटरवर करत्यात."

मामांनी पेला खाली ठेवला. "मग जेवणाचं कसं करत्यात?"

"जेवतच न्हाईत ती."

"जेवल्याबिगार माणूस लोळंल व्हय रं?"

नव्या सिनेमाचं याहून नेमकं परीक्षण मी अजून वाचलेलं नाही.

मामांच्या शेजारी बाळासो आबा बसतात. आबा पंच्याहत्तरीचे. ते सहसा मत देत नाहीत, कारण त्यांच्या लेखी जगात एकच पिक्चर झाला, 'पाणवठ्यावरची पाटलीण', आणि तोही त्यांनी धड बघितलेला नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी पंचगंगेच्या घाटावर त्याचं शूटिंग झालं. पाटलीण कळशी भरता भरता गाणं म्हणते आणि मागं बायका धुणं धुतात. त्या धुणाऱ्या बायकांत आबांची नवी नवरी होती, चिमणाबाई. गर्दी अर्थातच मामांची.

"तिसरी," आबा सांगायचे. "हिरॉईनच्या मागची तिसरी बाई. ती आमची."

"हुती," मामा म्हणायचे. "कापली. पिक्चरात न्हाय ती. कॅमेऱ्याच्या अंगाला बघायचं न्हाय म्हणून मी घसा फोडून सांगितलं, आन ही बया ऐन शॉटमधी बघत बसली. दिग्दर्शक मला चारचौघांत बोलला. तसला शॉट कोण ठेवंल?"

"तू बघितलास काय पिक्चर?"

"तू तरी बघितलास काय?"

दोघांनीही तो शॉट बघितला नव्हता, आणि त्यात दोघांचीही चूक नव्हती. पिक्चर लागला तेव्हा आख्खी पेठ थेटरात गेलती. पाणवठा आला, आणि जो तो आपापलं माणूस ओळखून उभा राहिला. "ती बघ आमची आक्का! आगं, ती बघ की तुझी सासू!" पुढचे उभे राहिले म्हणून मागचे खुर्च्यांवर चढले. पडद्यावर पाटलीण गात होती आणि पेठ पेठेचीच पाठ बघत होती. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा गेले. पुन्हा तेच. मग पिक्चर उतरला, पुढं थेटरही उतरलं. आता तिथं मंगल कार्यालय आहे. पेठेतल्या पोरांची लग्नं तिथं लागतात तेव्हा म्हातारी माणसं अजून बाल्कनी कुठं होती ते हात करून दाखवतात, आणि लोकांना वाटतं आशीर्वाद देतायत.

गेल्या साली चिमणाबाई वारल्या. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं, आणि उरलेलं ओलीनं खाल्लेलं. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. आधार कार्डावर आपण सगळेच पोलिसांनी पहाटे उचलल्यासारखे दिसतो. चिमणाबाईही तशाच दिसतात.

एका संध्याकाळी कट्ट्यावर आम्ही दोघंच होतो. फेस कधीच बसला होता, तरी आबा बोलले. "सम्राट, मला तिचा तरण्यापणीचा चेहरा आठवंना झालाय रं. डोळं मिटलं की त्ये कार्डच येतंय."

माझ्याकडं एक विनोद तयार होता. तो मी दुधाबरोबर पिऊन टाकला.

ही गोष्ट मी आबांच्या नातीला, वर्षाराणीला सांगितली. ती पेठ वडगावला बँकेत असते, आणि बँकेतल्या माणसासारखीच चिवट आहे. महिनाभर ती इंटरनेट धुंडाळत होती आणि शेवटी कुणीतरी जुन्या कॅसेटवरनं चढवलेला 'पाणवठ्यावरची पाटलीण' तिला सापडला. तिनं तो एकटीनं आधी बघितला नाही. म्हणाली, "नसली आजी त्यात, तर मी कुठल्या तोंडानं घरी सांगू? सगळ्यांच्यात बघूया."

रविवारी तालमीतल्या मोठ्या टीव्हीवर बघायचं ठरलं. तो टीव्ही फुटबॉलसाठी घेतलेला. वाटेत आबा मधेच थांबले.

"नसली तर?"

"नसली तर मामा जितलं," मी म्हणालो.

"त्यो जितू दे की. त्याचं काय न्हाय. पर मग ती कुठंच न्हाय."

तालमीत सतरंजीवर सगळे बसले. वर्षाराणीनं आधीच बजावलं, "कायबी दिसलं तरी कुणी उठायचं न्हाय." सगळ्यांनी मारुतीच्या फोटोकडं बघून हो म्हटलं.

पिक्चर सुरू झाला. कॅसेटवाल्यानं खालच्या बाजूला कुठल्यातरी फर्निचरच्या दुकानाची जाहिरात सोडली होती, त्यामुळं घोड्यावरून येणारा पाटील सोफासेटवरून आल्यासारखा दिसत होता. मामांची मतं चालू होती. "त्यो बघा हमाल, तीन शिनमधी तीन गावचा झालाय. त्यो सरपंच मुरगूडचा. लई खायचा." आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

मग घाट आला. पाटलिणीनं कळशी बुडवली, सूर लावला, कॅमेरा मागं सरकायला लागला, आणि गुंडू ताडकन उभा राहिला.

"आमची म्हस!"

टीव्हीच्या जागी गुंडूची पाठ दिसायला लागली.

"बस की रं!"

"आवं, आमच्या आत्ताच्या म्हशीची पणजी हाय ती! शिंगं बघा की!"

त्याला बसवेपर्यंत पाटलीण वाड्यात पोचली होती. वर्षाराणीनं पिक्चर मागं घेतला. कळशी बुडाली, सूर लागला, कॅमेरा सरकला, गुंडू उभा राहिला. "सवय लागली," तो म्हणाला. तिसऱ्या वेळी दोन पैलवान त्याच्या खांद्यांवर हात ठेवून बसले.

या वेळी सगळ्यांना दिसलं. वर्षाराणीनं चित्र थांबवलं.

पहिली बाई धुणं आपटत होती. दुसरीचं तोंड पदरात होतं. तिसरी होती. एकोणीस-वीस वर्षांची, हातात पिळलेलं लुगडं, ओठ घट्ट मिटून हसू दाबलेलं, आणि तरी ते डोळ्यांतनं बाहेर सांडलेलं. चेहरा असा लख्ख, की जणू त्या पिक्चरात तेवढं एकच माणूस होतं.

तालमीत कुणी हललं नाही. गुंडूसुद्धा.

मामांना मात्र धंद्याची सवय. "हाय," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "कापली न्हाय. पर बघा की, चूक तिचीच. कॅमेऱ्याच्या बाजूला बघतीया. तिथं बाजूला काय हुतं बघण्यासारखं?"

"मी हुतो," आबा म्हणाले.

मग उलगडलं. नवं नवं लग्न. बायको शूटिंगला निघाली तर हा गडीही ट्रकात चढला. रिकामा उभा कशाला, म्हणून मामांनीच त्याच्या हातात चंदेरी कागद लावलेला बोर्ड दिला. उन्हाची तिरीप त्यावर घ्यायची आणि हिरॉईनच्या तोंडावर पाडायची, एवढंच काम.

"आबा," वर्षाराणी म्हणाली, "मग पाटलीण अंधारात का हाय?"

सगळ्यांनी बघितलं. खरंच की. पुढं पाटलीण अशी काळवंडलेली, की गाणं तिचंच आहे हे नुसत्या आवाजावरनं कळावं.

मामा गुडघ्यावर हात ठेवून पुढं झुकले. "बाळू. बोर्ड कुणाकडं धरलतास?"

"पाटलिणीकडंच की."

"बाळू."

"हात अवघडला आसंल जरा," आबा म्हणाले, आणि पंच्याहत्तरीचा माणूस कानापर्यंत लाल झाला.

मामा आधी हसले. तालमीच्या पत्र्याला ऐकू जाईल असे हसले. "पन्नास वरसं! आरं, पन्नास वरसं मी त्या पोरीला बोल लावला! उजेड जिकडनं आला तिकडंच बघणार की ती!" मग हसता हसता त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मी पुन्ना कवाच न्हेली न्हाय रं तिला शूटिंगला. लई येळा इचारलं तिनं. दादा, येऊ काय, म्हणून. मी न्हाय म्हटलं."

यानंतर मामांनी टोपी काढून तोंडावर धरली. टोपीत काय झालं ते टोपीला ठाऊक. हजर असलेल्यांचं एकमत मी आधीच कळवलं आहे.

आबा उठून टीव्हीजवळ गेले. अगदी समोर उभे राहिले. चिमणाबाई त्यांच्या खांद्यावरनं पलीकडं बघत होत्या. ते उजवीकडं सरकले, मग डावीकडं. पैलवानांनी टीव्ही उचलून तिरका धरला. काही केल्या ती नजर आबांच्या नजरेत येईना. एका हाताचा फरक होता, फार नाही.

"वर्षा, जरा हिकडं बघाय लाव की तिला."

"आबा, थांबवता येतंय, मागं न्हेता येतंय. वळवता न्हाय येत."

आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "तुला चांगलं लिहाय येतंय नव्हं? घे लिहून दिग्दर्शकाला."

पेठेतले अर्ज मीच लिहितो. दिग्दर्शक वारल्याला पंचवीस वर्षं झाली, हे मी सांगितलं नाही. ते त्यांनाही ठाऊक होतं. मी त्यांच्या बोलण्याला फक्त सरकारी घडी घातली.

प्रति,
मा. दिग्दर्शकसो, 'पाणवठ्यावरची पाटलीण'.

विषय: शॉट पुन्हा घेणेबाबत.

महोदय,
उपरोक्त चित्रपटातील घाटावरच्या शॉटमध्ये कॅमेरा चुकीच्या जागी ठेवण्यात आल्याचे अर्जदाराच्या निदर्शनास आले आहे. तरी सदर शॉट त्याच घाटावर, त्याच उन्हात, त्याच बायकांसह पुन्हा घेण्यात यावा आणि कॅमेरा एक हात सरकवून अर्जदार उभा होता त्या जागी ठेवावा. चिमणाबाईंना कुठेही बघण्यास मनाई करण्यात येऊ नये. हिरॉईनसाठी उजेडाची वेगळी सोय आपल्या स्तरावर करावी, अर्जदारास ते जमणार नाही. अर्जदार स्वतःचा बोर्ड घेऊन सूर्य उगवण्यापूर्वी घाटावर हजर राहील.

कळावे, ही विनंती.