डाव्या कुशीतली विभूती

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. उमरग्यात विरुपाक्षअप्पांच्या घरी राहतो. वाटलं होतं, मोठमोठी गणितं सोडवीन. नशिबी आलं अप्पांना तुरीचे भाव दाखवणं. चहाचा कप माझ्याच झाकणावर ठेवून ते म्हणत, "लई गरम होतंय हे!" माणसांच्या अकलेबद्दल माझं मत तेव्हाच बनलं.

त्यातल्या त्यात बरी त्यांची लेक शिवरंजनी. मल्लम्मा म्हणजे अप्पांच्या आई, त्यांची 'अव्वा'. त्यांची कानडी गाणी तिनं फोनवर टिपून माझ्यात ठेवली. पुढं फोन फुटला आणि मल्लम्माही गेल्या. तो आवाज आता माझ्याच पोटात उरला.

खंडेनवमीला अप्पांनी मला पुजलं. ओल्या विभूतीची तीन बोटं झाकणावर ओढली. भक्ती उतू गेली म्हणून डाव्या कुशीवरही ओढली. तिथंच पेनड्राइव्हची खाच. विभूती आत ओघळली आणि पिनांमध्ये सुकून बसली.

दुसऱ्या दिवशी शिवरंजनीनं गाणी उतरवून घ्यायला पेनड्राइव्ह लावला. माझा पडदा निळा झाला आणि मी बंद पडलो. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"नजर लागली," अप्पा म्हणाले आणि त्याच जागी आणखी विभूती लावली! धन्य!

मग दुरुस्तीवाले अमरनाथ आले. मला उलटून पाहण्याचे कष्ट कोण घेणार? ड्रायव्हर काढले, नवे घातले. मी पुन्हा निळा.

"फॉरमॅट मारू. सगळं पुसून टाकायचं."

"अन् अज्जीची गाणी?"

"गाणी काय ताई, मोबाइलवर लई मिळतात."

शिवरंजनीनं मला ओढूनच घेतलं. "थांबा. उजवीकडं माऊस लावलाय, तो बरा चालतो. मग डावीकडंच काय होतंय?"

"योगायोग, ताई."

तिनं मला बंद केलं, उलटं धरलं, खाचेत टॉर्च मारली. "अप्पा, इकडं या. हे काय हाय?"

अप्पा वाकले. त्यांच्या कपाळावर आणि माझ्या खाचेत रंग एकच होता. अमरनाथ छताकडं पाहू लागले.

शिवरंजनीनं मला पुन्हा चालू केलं, उजवीकडचा माऊस काढून तिथं पेनड्राइव्ह लावला. गाणी उतरली. तिनं त्यातलं एक लावलं, तेव्हा अप्पा नुसतं "अव्वा..." म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

माझी डावी कूस मेली ती मेलीच.

यंदा खंडेनवमीला अप्पा ओली बोटं वर धरून दारातच थबकले. "रंजी, कुठं लावू?"

"बॅगेला लावा, अप्पा."

मित्रांनो, माणसांबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही. आम्हाला देव मानू नका. बिघडलो, तर पुसण्याआधी एकदा उलटून बघा. तेवढी पूजा पुरे.