मधली सीट

रोशनने मोबाइल आईच्या नाकासमोर धरला आणि झालं काम, एक रुपयाही जास्तीचा लागला नाही, असं मोठ्या ऐटीत सांगितलं. कांताबाईने चष्मा सारखा करून पाहिलं. तिच्या नावापुढे सहा-सी लिहिलं होतं आणि तिच्या नवऱ्याच्या, बळीरामच्या, नावापुढे सत्तावीस-ई. मधे किती रांगा होतात ते तिने बोटांवर मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं.

परवा सकाळी नागपूरहून बंगलोरचं विमान होतं. लेकीला, रुपालीला, सातवा महिना लागला होता, जावयाला सुट्टी मिळत नव्हती, म्हणून दोघं म्हातारी तीन-चार महिन्यांसाठी तिकडे निघाली होती. विमानात बसायची दोघांचीही पहिलीच वेळ. तिकिटं अर्थातच रोशनने काढली होती. घाटंजीच्या बसस्टँडसमोर त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं आणि पीकविम्यापासून पोलीस भरतीपर्यंत निम्मा तालुका त्याच्या खुर्चीसमोर बसून गेला होता. अशा माणसाला एकच अभिमान असतो. समोरच्या पडद्याने जास्तीचं काहीही विकायला काढलं की तो 'नको'वर बोट ठेवतो. प्रवासाचा विमा? नको. जेवण? नको. आवडीची सीट? ती तर मुळीच नको.

"तिकीट काढल्यावर बसाचे पैसे अलग कायले द्याचे?" तो म्हणाला. "नाही देल्ले त काय उभ्यानं नेतीन?"

एरवी कांताबाईनेही हेच म्हटलं असतं, वर कंपनीला चार शब्द सुनावले असते. पण सत्ताविसाव्या रांगेत बळीराम एकटा बसणार, हे काही केल्या तिच्या पचनी पडेना. आणि का पडत नाही ते तिला कोणाला सांगता येत नव्हतं.

बळीराम एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. त्याच्या हिशेबात कधी चार आणे इकडचे तिकडे झाले नाहीत. खुद्द सासरा ज्वारीचं पोतं घेऊन गाडीत चढला तेव्हा त्याने सासऱ्यालाही लगेजचं तिकीट फाडलं होतं, आणि कांताबाईच्या माहेरी ते अजून कोणी विसरलेलं नव्हतं. तोच माणूस वर्षभरापासून दुपारच्या झोपेतून उठला की कामावर निघायचा. तीन दहाची पांढरकवडा गाडी लागली असेल, म्हणायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, हे त्याच्या डोक्यातून तेवढ्यापुरतं पुसलं जायचं.

फेब्रुवारीत कांताबाई नळावर होती तेवढ्यात तो खरोखरच स्टँडवर गेला, गाडीत चढला आणि पहिल्या सीटपासून तिकिटं विचारू लागला. नशीब की गाडी देवसिंगची होती. देवसिंग त्याच्यासोबतचा जुना ड्रायव्हर. तो हसला नाही, ओरडलाही नाही. साहेब तपासणीला आले आहेत, असं लोकांना सांगून त्याने बळीरामला हळूच खाली उतरवलं आणि ऑटोतून घरी आणून सोडलं. कांताबाईने त्याला चहा दिला आणि कोणाजवळ ब्र काढणार नाही असं वचन घेतलं. तेव्हापासून रोज तीनच्या सुमारास ती काहीतरी निवडायचं घेऊन दारातच बसायची. बळीराम उठून निघाला की त्याच्या हातावर हात ठेवायची आणि म्हणायची, आज तुमची सुटी आहे. एवढं पुरायचं. पाच मिनिटांत तो पुन्हा जागेवर यायचा आणि चहा मागायचा.

पण त्यासाठी हात पोचायला पाहिजे ना. सहाव्या रांगेतला हात सत्ताविसाव्या रांगेत कसा पोचणार?

रोशनला सांगितलं तर तो जाणंच रद्द करेल, याची तिला खात्री होती. रुपालीला तर या दिवसांत असलं काही कानावर घालायचंच नव्हतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती कांताबाईने स्वतःशीही नीट कबूल केली नव्हती. ज्या माणसाचा हिशेब एकतीस वर्षं चुकला नाही, त्याच्याबद्दल त्याच्याच पोराला हे सांगायचं तिच्या जिवावर येत होतं.

मग तिने खोटं बोलायला घेतलं. त्याची सवय नव्हती, त्यामुळे प्रत्येक खोटं तिच्यावरच उलटलं. मला एकटीला भीती वाटते, असं म्हटलं तर रोशनने हवाईसुंदरी कशाला असतात ते समजावून सांगितलं. बाबांचा गुडघा दुखतो, म्हटलं तर तो म्हणाला, गुडघा त्यांचा, त्यात तू शेजारी बसून काय करणार? शेवटी बाबा घोरतात, लोक काय म्हणतील, असं तिने म्हणून पाहिलं. त्यावर रोशन खो खो हसला. मग तर दूरच बरं, तू त्यांना ओळखतच नाही असं दाखव, म्हणाला. पावणेदोन तासांचा प्रवास आहे, एवढ्यासाठी दोन सीटांचे आठशे रुपये त्या कंपनीच्या घशात घालायचे नाहीत. विषय संपला. आता फक्त जास्तीच्या सामानाचे पैसे भरायचे राहिले होते.

या सामानावरून मायलेकांत आधीच दोन दिवस जुंपली होती. माणशी पंधरा किलो फुकट होतं आणि भगवानरावांच्या किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही बॅगा मिळून पस्तीस भरल्या होत्या. वरचे पाच किलो म्हणजे घरच्या तुरीची डाळ. त्यांना विमानात लागणाऱ्या अडीच हजारांत बंगलोरला पोतंभर डाळ येईल, असं रोशनने परोपरीने सांगून पाहिलं. पण पंधरा दिवस खडा न खडा निवडलेली ती डाळ होती आणि लेकीच्या पोटात तीच जायला हवी होती. कांताबाईने त्याचं इतकं डोकं खाल्लं की शेवटी त्याने हात टेकले.

तीच कांताबाई आता उठली. तिने बॅगेची चेन उघडली, डाळीची पिशवी दोन्ही हातांनी ओढून काढली आणि फरशीवर ठेवली.

"हे राहू दे," ती म्हणाली. "वजनाचे पैसे भरू नको. त्याच पैशात आमच्या सीटा जवळ घे."

रोशनने पिशवीकडे पाहिलं, मग आईकडे. इतका वेळ तो मोबाइल हातात घेऊन बोलत होता, तो त्याने बाजूला ठेवला. एका ओंजळीसाठी भांडणारी बाई पाच किलो डाळ आपल्या हाताने सोडते, म्हणजे गोष्ट घोरण्याची नाही, एवढं कळायला त्याला ऑनलाइन जायची गरज नव्हती.

"आई, खरं काय हाये?"

कांताबाईने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार नुसतं लोटलेलं होतं. घड्याळात पावणेतीन झाले होते. आणखी एखादं खोटं शोधायला तिने तोंड उघडलं, पण सापडलं नाही.

"तुये बाबा इसरून राह्यले, रोशन," ती म्हणाली. "आपून इसरतो तसं नाही. झोपीतून उठले का ड्युटीवर निंगतेत. विमानात उठले, त मी जवळ पायजे."

मग सगळंच बाहेर आलं. स्टँड, देवसिंग, दारातलं निवडणं, आज तुमची सुटी आहे, सगळं. बोलताना तिला आश्चर्य वाटत होतं की वर्षभराची गोष्ट सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आता रोशन तिकीट रद्द करणार, हे तिने धरूनच ठेवलं.

रोशनने खालच्या आवाजात सांगितलं की दिवाळीच्या आधी बाबा दुकानात आले होते आणि त्यांनी त्याला बादल म्हणून हाक मारली होती. बादल म्हणजे बळीरामचा धाकटा भाऊ, त्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. रोशनने ओ दिली होती, चहा पाजला होता आणि घरी येऊन आईला काहीच सांगितलं नव्हतं. तिला कळलं तर ती खचून जाईल, असं त्याला वाटलं होतं.

एकाच घरात, एकाच ताटावरून उठून, दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती. कांताबाईला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं. रोशन म्हणाला, रद्द काहीही करायचं नाही. तिथे मोठ्या डॉक्टरला दाखवू, मी मागून येतो, आणि रुपालीला कसं सांगायचं ते मी पाहतो. हे ऐकलं आणि कांताबाईचा जीव भांड्यात पडला. वर्षभर एकटीने धरून ठेवलेल्या दाराला आता दुसराही हात लागला होता.

तेवढ्यात आतल्या खोलीचं, खरोखरचं दार वाजलं. बळीराम उंबऱ्यात उभा होता. अंगात बाहेर जायचा शर्ट, केस ओल्या हाताने बसवलेले.

"गाडी किती सीटची हाये?" त्याने विचारलं.

तीन वाजायला अजून वेळ होता, पण हा निघालाच, असं कांताबाईला वाटलं. तिने उठून हात पुढे केला, तेवढ्यात रोशनने तिला नजरेनेच थांबवलं आणि सांगितलं, एकशे ऐंशी. बळीराम येऊन खाटेवर बसला. त्याने मोबाइल मागून घेतला, डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि त्यातला सीटांचा नकाशा जुन्या सवयीने वरपासून खालपर्यंत पाहिला. तीन इकडे, तीन तिकडे, मधे चालायची जागा. मग त्याची नजर फरशीवरच्या पिशवीवर गेली.

"डाळ बॅगेत ठेव," तो रोशनला म्हणाला. "लगेजचं तिकीट फाड. वजन हाये त पैसे द्याचे. अन् जोडीतल्या मान्साईले तोडाचं नाही. म्या गर्दीच्या गाडीत कधी तोडलं नाही."

रोशनने मान हलवली आणि खिडकीची कोणाला देऊ, असं विचारलं. बळीरामने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. कांताबाईला वाटलं, संपलं, आता पुन्हा पांढरकवड्याची गाडी येणार.

"खिडकीची मले दे," तो म्हणाला. "मधली तिले. मी कवाकवा उठून जातो. तिच्यावरून गेल्याशिवाय मले निंगताच नाही आलं पायजे."

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. किती दिवसांपासून, ते विचारायची कांताबाईला हिंमत झाली नाही, आणि गरजही वाटली नाही. इतके दिवस ती त्याला राखत होती आणि तो, तिचा मान राहावा म्हणून, काही न कळल्यासारखं राखून घेत होता.

रोशनने एकोणिसाव्या रांगेतल्या दोन सीटा घेतल्या, डाळीचे पाच किलो भरले, आणि पैसे कापल्याचा मेसेज आला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तोंड वाकडं केलं नाही. मधल्या सीटचेही पैसे घेतात, एवढं मात्र तो पुटपुटला. कांताबाई पिशवी परत बॅगेत बसवू लागली. तिचे हात हलके झाले होते, पाच किलोंचं वजन जाणवतही नव्हतं.

बळीरामने खिशातून पेन काढलं आणि तळहातावर एकोणीस लिहिलं. मग ते तिला दाखवलं.

"मी इसरलो, त तुले ठाऊक हाये ना?"

"हाये," कांताबाई म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.