मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

ऐक, आधी नुसतं ऐक. मध्ये तोंड घालायचं नाही.

आपली बारकी आहे ना, मास्तरांची मुलगी? मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय आणि त्यांची बोलणी खाऊन गेलंय. "क्लच आहे तो, झुरळ नाही, चिरडतोस काय!" असे मास्तर. त्यांना जन्मभर एकच हौस. त्या डोंगरावरच्या थंड गावाला गाडीने जायचं. नुसता वळणांचा घाट, दोन्ही अंगांना चहाचे मळे, वर गेलं की तळं. आणि घाट बारकीने चढवायचा, हे शेजारी बसणार. "हा घाट चढलीस की माझी शिकवणी फिटली," म्हणायचे.

गाडी कुठली? शिकवणीचीच, दुसरी आहे कुठे! आणि शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही ब्रेक असतो, माहितीये ना? शिकणारा गडबडला की त्यांनी तिकडून दाबायचा. तर बारकी स्टिअरिंगवर, शेजारी मास्तर, मागे आई, आईच्या मांडीवर डब्यांची पिशवी. अगदी मजेत निघाले.

अजून घाट लागलाही नव्हता. रस्ता कसा सरळसोट. एकदम मास्तर ओरडले, "सायकलवाला!" आणि खाडकन ब्रेक. आईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. बघतात तर चिटपाखरू नाही.

"अहो, कुठाय सायकलवाला?"

"गेला ना बाजूला. तुझं सगळं लक्ष डब्यांत."

"मग डबे काय सायकलवाल्याला देऊ?" आई हसली.

बारकी पण हसली, पण ते हसू ओठांपर्यंतच आलं. कारण तिला माहीत होतं. मागच्या महिन्यात मास्तर अंगणात कुणाला तरी "या, बसा" म्हणाले होते, आणि अंगणात कुणी म्हणजे कुणी नव्हतं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर "माझी नजर घारीची आहे" म्हणून उडवून लावलं. ती तरी किती रेटणार? गाडी शिकवणाऱ्याला नसलेली माणसं दिसतात, हे एकदा गावाच्या कानावर गेलं की संपलं. शिकवणीची पाटी उतरणार, आणि पाटी उतरली की मास्तर त्याच दिवशी म्हातारे होणार. म्हणून ही मूग गिळून बसलेली.

मग घाट लागला, आणि दोन-चार वळणांतच धुकं आलं. आलं म्हणजे काय, कुणीतरी काचेवर चादर टाकावी तसं. चहाचे मळे गेले, दरी गेली, समोर फक्त रस्त्याची पांढरी रेघ. मागे एक मालट्रक लागलेला, त्याचे दिवे आरशात, घरघर थेट पाठीत. आणि ऐन वळणावर मास्तरांनी परत करकचून ब्रेक दाबला.

ट्रक थांबला रे कसाबसा, पण वीतभर अंतर राहिलं असेल. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मरायचं असेल तर खाली उडी मार ना बाई, मला कशाला गुंतवतेस!"

"पाठमोरा उभा होता," मास्तर म्हणाले. एवढ्या गारठ्यात त्यांच्या कपाळावर घाम. "रस्त्याच्या मधोमध. दिसला नाही तुला?"

"नाही दिसला बाबा."

"मग शिकलीस काय एवढी वर्षं?"

पुढे एक टपरी होती, दरी बघायची जागा म्हणून गाड्या थांबतात तिथे. बारकीने गाडी बाजूला घेतली. मास्तर आणि आई कठड्यापाशी गेले. समोर नुसता पांढराफटक पडदा, आणि मास्तर हात लांब करून आईला दाखवतायत, "ती बघ खाली केवढी घरं. माणसं बघ किती जमलीत." आणि आई, त्यांचा दंड घट्ट धरून, "हो हो, दिसली की," म्हणतेय.



आता बघ. मास्तरांच्या ब्रेकपासून हिच्या ब्रेकपर्यंत एक वायर जाते, टोकाला साधा हूक. हूक काढला की तिकडचा ब्रेक आंधळा. पाय ठेवला तर वाटतं आहे, दाबला तर काही नाही. हा हूक लावायला लहानपणी बाबांनीच तिला शिकवलेलं. ती स्टिअरिंगखाली वाकली आणि तिने तो काढला. नंतर मला म्हणाली, परत मध्येच ब्रेक लागला तर मागचा ट्रक आम्हाला घेऊनच दरीत जाईल. आणि बाबांना तोंडावर सांगण्यापेक्षा हे सोपं. कुणाचा मान जायला नको, कुणाचा जीव जायला नको. बरोबरच वाटलं असेल ना तिला त्या घडीला?

परत चढायला लागले. धुकं आणखी दाट. मागे दुसरा ट्रक. आईने पिशवी उराशी धरलेली. एका वळणावर मास्तर सीटवरून उठल्यासारखे झाले.

"पोर आहे! बारके, लहान पोर आहे!"

त्यांचा पाय खाली गेला, पार तळाला. ठक् असा आवाज, बस्स. गाडी चालतच राहिली. बारकीला समोर काहीच दिसत नव्हतं, काहीच नाही, फक्त रेघ. आणि आरशात ट्रकचे दिवे. तिने ब्रेक दाबला नाही.

आणि डाव्या बाजूला काहीतरी लागलं. मोठं नाही. आपण दारावर थाप मारतो ना, तेवढंच.

थोडं पुढे रस्ता रुंद झाला, तिथे तिने गाडी थांबवली. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. डावा आरसा मिटून काचेला टेकलेला होता.

"फांदी असेल," आई म्हणाली. "फांदीच असेल गं."

मास्तरांनी पाय परत ब्रेकवर ठेवला. हळूच दाबला. परत दाबला. मग बारकीकडे बघितलं. ती म्हणते, मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण नाही. पाय उचलून त्यांनी मागे घेतले, सीटखाली, परक्याच्या घरी बसतात तसे.

"चल बारके," एकदम मऊ आवाजात. "काही नव्हतं तिथे. मला दिसतात हल्ली माणसं. बरेच दिवस झाले, मी बोललो नाही."

कळतंय का तुला? ज्या माणसाने डॉक्टरचं नाव काढू दिलं नाही, तो स्वतःहून, आईच्या देखत, हे सांगतोय. आता हे खरं म्हणून सांगितलं, की जन्मभर लेकीला तो एक आवाज ऐकू येऊ नये म्हणून सांगितलं? बारकीला अजून कळलेलं नाही. एवढंच तिच्या लक्षात आलं, की बोलताना त्यांनी मागे एकदाही वळून बघितलं नाही. आणि दाराच्या कडीवरचा हात त्यांनी काढला नव्हता.

मागे वळण. वळणावर धुक्याची पांढरी भिंत. खालून आणखी एक ट्रक चढतोय, त्याची घरघर जवळ येतेय. चालत गेलं तर ड्रायव्हरला माणूस दिसायचाही नाही.

"चल ना," मास्तर परत म्हणाले. "गिअर टाक."

सांग आता. त्या धुक्यात उतरून मागे जाऊन बघितलं असतंस, की बापाचं ऐकून गिअर टाकला असतास? खरं सांग हं. काय केलं असतंस तू?