बुडणाऱ्याची हाक

बायबलमधल्या गोष्टी बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेत उतरवायचं काम हाती घेतलं, तेव्हा ताईला वाटलं होतं, स्वर्ग आणि आत्मा अवघड जातील. पण गाडी अडली ती साध्या ओरडण्यावर.

येशूचा शिष्य पाण्यावरून चालत निघतो, वारा बघून गांगरतो, बुडू लागतो आणि वाचव म्हणून ओरडतो. एवढंच. ताई ऐकू येणारी, मजकूर तपासणारी. तिची धाकटी बहीण जन्मापासून बहिरी, कॅमेऱ्यासमोर खुणा करणारी. तिने तोंडापासून हात पुढे फेकत ‘ओरडला’ करून दाखवलं आणि स्वतःच नाक मुरडलं.

“ही तुम्हा ऐकणाऱ्यांची खूण,” तिचे हात म्हणाले. “आम्ही असं कुठे ओरडतो?”

“मग कसं ओरडता?” ताईने खुणेनेच विचारलं. एवढी वर्षं एका घरात काढली, पण हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

“जमिनीवर पाय आपटतो. दिवा चालू-बंद करतो.”

“समुद्रात दिवा कुठून आणणार?” कॅमेरावाला म्हणाला. ताईने ते हातांनी सांगितलं. धाकटी हसली, मग विचारात पडली, आणि एकदम स्टुलावर पालथी पडून हवेत पोहायलाच लागली! कॅमेरावाला आ वासून बघत राहिला. दोनदा हात मारून ती थांबली.

“हात पोहण्यात अडकलेत,” उठून बसत ती म्हणाली. “हाक मारायची तर पोहणं सोडायचं. म्हणजे बुडायचंच. त्याने पोहणं सोडलं, ताई, तेच दाखवू. आणि येशूने काय केलं? हात पुढे केला. आमच्याच भाषेत उत्तर दिलं बघ!”

ताईला गावचं तळं आठवलं. नऊ वर्षांची धाकटी एकदा तळ्यात खोल गेली होती. दोन्ही हात वर करून हलवत होती. मजेत आहे पोरगी, असं समजून काठावरच्या ताईनेही हसून हात हलवला होता. नावाड्याने ओढून काढली म्हणून निभावलं. त्या दिवसाबद्दल विचारायची ताईची कधी छातीच झाली नव्हती.

आज तिने विचारलं. “तळ्यात तू मला हाक मारत होतीस?”

“मग काय, नाचत होते?”

“आणि मी मूर्खासारखा हात हलवला. तीस वर्षं मनाला खातंय गं ते.”

धाकटी नवलाने बघतच राहिली. “खातंय? अगं, तू हात हलवलास म्हणून तर तगले मी! म्हटलं, ताईनं बघितलंय, आता कुणीतरी येणार. धडपड सोडली आणि पाठीवर पडून राहिले.”

ताईला रडू फुटलं, अगदी हमसून हमसून. कॅमेरावाला चहाचं निमित्त काढून बाहेर सटकला. धाकटीने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले, त्यामुळे बराच वेळ दोघींना काही बोलता आलं नाही.