ट्रकच्या तळाशी गेलेला बंब

मी बंब बोलतोय. अंघोळीचं पाणी तापवणारा नव्हे हं! लष्करी दवाखान्याची हत्यारं, कापडं आणि बोळे कोंडलेल्या वाफेत निर्जंतुक करणारा. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आहे, पण जवान मला बंबच म्हणत आणि मला ते आवडे.

कारखान्यातून निघालो तो थेट लष्कराच्या एका वैद्यकीय तुकडीत. तिच्यासोबत समुद्रापार कुठे कुठे गेलो! कधी शाळेच्या वर्गात शस्त्रक्रिया झाल्या, कधी गळक्या तंबूत. तळ हलवताना शिरस्ता एकच: बंब ट्रकवर शेवटी चढवायचा आणि आधी उतरवायचा. माझ्याशिवाय कुणी चाकूला हात लावत नसे. गर्व म्हणा हवं तर!

मला सांभाळायचा एक हवालदार. सतत वाफेत असतो म्हणून सगळे त्याला वाफाळे म्हणत. झाकणाचे स्क्रू पिळताना तो माझ्याशी गप्पा मारी. तो इकडे आल्यावर त्याला मुलगा झाला होता. "आता धावतो म्हणे," असं मला दहादा सांगायचा.

अखेर घरी परतायचा हुकूम आला. काय तो आनंद! गाणी म्हणत सामान बांधलं आणि त्या भरात वाफाळेने मलाच आधी ट्रकवर चढवलं. घरी जाताना कशाला लागतोय बंब? माझ्यावर खाटा, खाटांवर तंबू, तंबूंवर पेट्या. मी मनातल्या मनात त्याचा उद्धार केला.

गाड्या सुरू झाल्या, तोच गावातली दाई एका अडलेल्या बाईला खाटेवर घालून, चौघांच्या खांद्यावरून घेऊन आली. मूल आडवं, बाई पांढरीफटक.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "पोट उघडावं लागेल. बंब कुठाय?"

वाफाळेचा चेहरा खर्रकन उतरला. "मॅडम... तळाशी."

"मग सगळा ट्रक उतरवा."

गाड्यांचा साहेब तरातरा आला. "जहाज थांबायचं नाही, मॅडम! पातेल्यात उकळा ना काय ते."

"हत्यारं उकळीन. कापडं, बोळे काय ओलेच पोटात घालू? जहाज गेलं तर दुसऱ्याने जाऊ."

वाफाळे सगळ्यांत आधी वर चढला. पेट्या, तंबू, खाटा हातोहात खाली आल्या. त्याची बोटं सोलवटली, पण गडी थांबला नाही. "चल रे बाबा," तो मला म्हणाला, "चूक माझी आहे, आता तू निस्तर."

स्टोव्ह पेटला. वाफेच्या दाबाचा काटा लवकर चढेना, तेव्हा माझा जीव नुसता कासावीस झाला. पण मी हट्टाला पेटलो होतो. चढला एकदाचा!

मुलगी खणखणीत रडली. आई मात्र डोळे उघडेना. निरोप धाडून बोलावलेला शहरातल्या मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर येऊन पोचला, तेव्हाच आमच्या बाईंनी तिचा हात सोडला.

वाफाळे मला बांधायला आला. बाई म्हणाल्या, "राहू दे त्याला. जखमेला रोज स्वच्छ पट्टी लागेल."

"सरकारी माल आहे, मॅडम."

"सरकारला मी तोंड देईन."

वाफाळेने दाईला खुणांनी शिकवलं: काटा खाली आल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. मग माझ्या अंगावर एक थाप मारली आणि डोळे पुसत पळाला.

आज मी त्याच गावच्या दवाखान्यात आहे. अंगाला पोचे पडलेत, एक पाय लंगडा झालाय, तरी रोज तापतो. मला काचेच्या कपाटात बसवू नका, एवढीच विनंती.

एक गोष्ट मात्र मला खुपते. तुकडी निघाली तेव्हा ती आई बेशुद्धच होती. पुढे तिचं काय झालं, हे त्यांना कुणी कळवलंच नाही. त्यांच्यातलं कुणी भेटलं, आमचा वाफाळे भेटला, तर सांगा हो. टाके काढले त्या दिवशी तिला उचलून न्यायला माणसं आली होती. तिने त्यांना बाजूला सारलं, लेकीला खांद्याशी घेतलं आणि आपल्या पायांनी चालत घरी गेली.