अंगाऱ्याआधीच डोळे उघडले

शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत त्या सोमवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या शांतम्माची सून काव्या तीन महिन्यांची गरोदर, तोंड पांढरंफटक. लॅबमध्ये रक्त काढायला सुई टोचली की कोसळायची. दोनदा झालं. तिसऱ्यांदा शांतम्माने लॅबला न्यायच्या आधी अंगारा देणाऱ्या विभूतीअण्णाला बोलावलं.

अण्णा म्हणे, हिच्यातल्या देवीला रक्त सांडलेलं खपत नाही. ही देवी मराठी अन् कन्नड दोन्ही बोलायची, पण फक्त अण्णाच्याच तोंडून. त्याने काव्याला उभं करून बोटाला सुई टोचली. थेंब बघितला, पोरीला घाम फुटला, खाली गेली. अण्णाने ऐटीत तिला आडवं केलं, पाय ओट्यावर ठेवले आणि अंगाऱ्याची डबी काढली.

मी त्याचा हात धरला.

"सरका बाई, देवी कोपंल."

"कोपू दे की. मी हितंच हाय."

डबी बंदच राहिली आणि काव्याने डोळे उघडले. पाणी मागितलं.

"पाणी न्हाय," शांतम्मा म्हणाली. "लॅबवाल्यांनी उपाशी पोटी यायला सांगितलंय."

म्हणजे दरवेळी ही गरोदर पोर आदल्या रात्रीपासून निर्जळ जात होती! उपास म्हटला की आमच्या गल्लीत तो कडकच.

तिला पाणी पाजलं आणि सासूसकट डॉक्टर श्रीदेवीकडे नेलं. सुई किंवा रक्त बघून काहींची नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं, असं त्या म्हणाल्या. आडवं करून पाय उचलले की ते परत डोक्याकडे येतं. अण्णाची सगळी विद्या त्या ओट्यात होती. डॉक्टरांनी पुढे बजावलं, उपाशी म्हणजे खायचं नाही. साधं पाणी प्यायचं. चक्कर येते हे आधीच सांगायचं आणि रक्त झोपूनच द्यायचं.

"सुईकडे बघू नको. हात सैल सोड, मांड्या आवळ. आता सोड. परत आवळ, म्हणजे रक्तदाब टिकतो," काव्याला झोपवून सुई लावताना डॉक्टर म्हणाल्या.

काव्या खिडकीकडे बघत अण्णाला शिव्या घालत होती, तेवढ्यात नळी भरली. लगेच उठू दिलं नाही. शांतम्मा देवीची वाट बघत होती. देवी आलीच नाही.

हिमोग्लोबिन सहा निघालं, हवं अकराच्या वर. असंच चाललं असतं तर दोन्ही जीव धोक्यात होते, डॉक्टर म्हणाल्या.

शांतम्माने पदर तोंडाला लावला. "मला वाटलं, पाणी दिलं तर तपासणी बाद हुईल."

तिच्यावर माझा राग नाही. चुकली, पण काळजीपोटी. राग त्या अण्णावर आहे. पाय वर ठेवले की माणूस शुद्धीवर येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून तो ते आमच्यापासून अंगाऱ्याखाली झाकत होता.

बायांनो, कुणी पडलं तर आडवं करा, पाय उचला, डॉक्टर गाठा. अन् कुणी डबी काढली, तर आधी त्याचा हात धरा.