पैलवानाची डावी बाजू

पैलवान म्हणजे उंदराचं पिल्लू, माझ्या अंगठ्याएवढं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचं सगळं मी बघतो. इथली संशोधक माझी सख्खी भाची, म्हणून सगळेच मला मामा म्हणतात.

पैलवानाला गुंगी देऊन भाचीनंच त्याच्या मानेतल्या मज्जारज्जूची डावी बाजू कापली होती. तेव्हापासून छातीखालचं श्वासपटल डावीकडे गप्प होतं. श्वासाचं सगळं काम उजवी बाजू ओढायची. भाचीचं म्हणणं, एवढ्या कोवळ्या वयात गप्प बाजू मेलेली नसते, रुसलेली असते.

आज आमचे प्रमुख सर स्वतः बघायला आले होते. डावी बाजू हलली नाही, तर पिल्लांवरचं काम बंद आणि पैलवानाला कायमची झोप.

तो माझ्या तळहातावर ऊबदार फडक्यात पडला होता. बारीक तारा स्क्रीनपर्यंत गेलेल्या. उजवीकडची रेघ उड्या मारत होती, डावीकडची इस्त्री केल्यासारखी सपाट.

"डॉक्टर, थांबू या आता," सर भाचीला म्हणाले.

"तो निवांत आहे, सर. उजवीवर भागतंय, तर डावी कशाला उठेल? आमच्या मामांचं तसंच. मामी घरात असली की कपसुद्धा उचलत नाहीत."

"आणि नसली की?" सरांनी मला विचारलं.

"सगळा स्वयंपाक येतो मला. तिच्या कानावर घालू नका म्हणजे झालं."

सर हसले. तेवढ्यात भाची म्हणाली, "दोन-तीन श्वास त्याच्या नाकपुड्या मिटते. मग बघा."

"दगावला तर?"

"नाही दगावणार."

तिनं बोटांची टोकं अलगद टेकवली. पिल्लू माझ्या हातात ताठ झालं. उजवी रेघ उंच गेली. डावी होती तशीच.

"सोडा त्याला," सर म्हणाले.

"एकच श्वास अजून."

डावी रेघ थरथरली आणि पुढच्याच श्वासाला टुणकन उडाली. भाचीनं लगेच बोटं काढली. पैलवानानं भरपूर हवा घेतली. रेघ पुन्हा सपाट झाली.

सर खुर्ची ओढून बसले. "परत दाखवा."

"आज नाही, दमलाय तो. उद्या दाखवते. मामा, याला आईकडे सोडा."

"उद्या किती वाजता?" सरांनी विचारलं, तेव्हा मी पिंजरा उघडत होतो. आईनं पैलवानाला हुंगलं आणि पोटाशी ओढून घेतलं.

संध्याकाळी घरी मी आपणहून चहा टाकला. बायको दारात येऊन बघत राहिली.

"बरं वाटत नाही का?"